झडीच्या दिवशी घाटावर

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करून बोलतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केली आहे आणि ती नुसत्या उंचीची नाही. घाटाखाली पडलेले पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला मिळते, पूर्णेतून तापीला आणि तापीबरोबर अरबी समुद्राला. घाटावर पडलेले पाणी पैनगंगेत नाहीतर खडकपूर्णेत उतरते, पुढे गोदावरीचे होते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा हे घाटावरचे गाव. इथून सकाळी गाडी काढली तर मेहकर, सुलतानपूर, लोणार, मग बिबी, दुसरबीड, किनगाव राजा करत सिंदखेडराजा आणि दिवेलागणीला परत घर, अशी फेरी एका दिवसात होते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. ती कधी करावी असे विचारले तर जवळपास सगळे सांगतील, दिवाळीनंतर, फार तर १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीपर्यंत, आकाश निरभ्र असताना. माझे म्हणणे असे की ती पावसात करावी, आणि नुसत्या भुरभुरत्या सरीत नव्हे, झड लागलेल्या दिवशी करावी.

हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी घालतो, म्हणजे विरोधी बाजूला तिचे पुरते बळ मिळेल. एक मामा, साखरखेर्ड्याला शेती करणारे. दुसरी त्यांची भाची, नोकरीसाठी स्कॉटलंडला गेलेली, तिथल्या स्काय बेटावर पावसातून गाडी फिरवण्याची रीत पाहिलेली. दोघेही कल्पित आहेत. पण मामा जे बोलतात ते या तालुक्यातल्या कुठल्याही ओट्यावर ऐकू येईल. भाचीचे म्हणणे मला पटते, म्हणून तिच्या बाजूने मीही बोलणार आहे. मामांचे जिथे खरे आहे तिथे ते खरे म्हणूनच लिहीन.

मामा : पोरी, तुझं ते बेट वेगळं आणि आपला मुलूख वेगळा. तिथं समुद्र आहे, डोंगर आहेत, धुकं उतरलं तरी त्याला शोभा येते. आपल्याकडं झड लागली की काय दिसतं? काळी माती आणि चिखल. वावरात पाय टाकला तर गुडघ्याएवढा आत जातो. लोणारच्या काठावर उभं राहावं तर समोर पांढरं. सिंदखेडराजाचा वाडा ओला, बंद, शेवाळलेला. पाहणाऱ्याला उघडीप लागते. त्यात गाडीतून फिरायचं म्हणजे काचेवरचं पाणीच पाहायचं.

भाची : मामा, स्कायला उघडीप मिळेल म्हणून कुणी थांबत नाही, कारण थांबणाऱ्याला ते बेट कधीच दिसणार नाही. तिथं पाऊस बाराही महिने. म्हणून लोकांनी पावसासकटच पाहायला शिकून घेतलं. पोर्ट्रीहून निघायचं, ट्रॉटर्निशच्या कडेकडेनं जायचं, स्टॉरच्या सुळक्याखाली थांबायचं. सुळका ढगात गेला तर जाऊ द्यायचा. खालच्या उतारावरून जे शंभर ओहोळ धावायला लागतात ते उन्हात नसतातच. पाऊस आला म्हणून दृश्य गेलं असं तिथं कुणी म्हणत नाही.

इथे मामांचा पहिला आक्षेप नीट तपासला पाहिजे, कारण तो वरवर वाटतो तितका भक्कम नाही. स्काय आणि घाटावरचा मुलूख वेगळे आहेत हे खरे, पण पायाखालचा दगड जवळजवळ सख्खा आहे. स्कायच्या उत्तरेचा मोठा भाग सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे. दख्खनचा लाव्हा त्याच्या थोडा आधीचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दोन्हीकडे बेसाल्टचे थर एकावर एक चढलेले, दोन्हीकडे डोंगरांना पायऱ्या पडलेल्या. फरक पडला तो पुढच्या घडणीने. स्कायवर हिमनद्यांनी दगड खरवडला आणि माती वाहून नेली. ट्रॉटर्निशला बेसाल्टचा भार खालच्या मऊ थरांना पेलवला नाही आणि कडाच्या कडा घसरत गेला, त्यातून स्टॉरसारखे सुळके उभे राहिले. आपल्याकडे तोच दगड उन्हापावसात जागच्या जागी कुजला आणि त्याची काळी झाली. मामा ज्या चिखलाला नावे ठेवतात तो या दगडाचाच शेवटचा अवतार आहे. पावसाने फुगते, उन्हात हातहात भेगा पडून उलते अशी ही माती. तिचा स्वभाव कळतो तो ती भिजलेली असताना. मार्चमध्ये या रस्त्याने जाणाऱ्याला पऱ्हाट्यांचे सड आणि धूळ दिसेल. जुलैत, झडीत, त्याला दिसेल की धुऱ्याच्या एका बाजूचे पाणी थांबले आहे आणि दुसऱ्या बाजूचे वाहून चालले आहे, आणि दोन शेजारच्या वावरांची नशिबे त्या हातभर उंचीच्या बांधाने वेगळी केली आहेत.

माझा मुद्दा एवढाच आहे आणि पुढचे सगळे त्याच्याच आधारासाठी आहे. घाटावरचा मुलूख पाण्याभोवती रचलेला आहे. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या चार महिन्यांतले पाणी बाकीच्या आठ महिन्यांना पुरवायचे, या एका गरजेतून इथले तलाव, बारवा, कुंड, देवळे, गावांच्या जागा आणि पिकांचे दिवस ठरले. कोरड्या हिवाळ्यात हे सगळे पाहणे म्हणजे बंद पडलेली चक्की पाहणे; दगड दिसतो, दळण दिसत नाही.

लोणारपासूनच पाहू, कारण तिथे हे सर्वांत ठसठशीत दिसते. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल. ते ज्वालामुखीचे तोंड असावे असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, प्रचंड आघातानेच होणारे खडकातले बदल दाखवून, ते आघातविवर असल्याचे पक्के केले. वयाबद्दल मतभेद राहिले: आधीच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. ही माहिती फलकावर वाचता येते आणि बहुतेक पाहुणे ती वाचून, एक फोटो काढून परततात. पण विवराचा काठ भोवतालच्या जमिनीहून सुमारे २० मीटर उचललेला आहे, कारण आघाताने उडालेला दगड कडेला साचला. आणि या उंचवट्याचा अर्थ पावसातच कळतो. काठाबाहेर पडलेला थेंब बाहेर पळतो, काठाच्या आत पडलेला थेंब आत जातो आणि कायमचा आत राहतो. सरोवराला बाहेर पडायची वाट नाही. पाणी जाते ते वाफेने, क्षार मागे ठेवून. म्हणून ते खारट आणि इतके अल्कधर्मी आहे. काठावर भिजत उभ्या माणसाला, समोर पांढरे असले तरी, ही सगळी रचना पायाशी चालू असलेली दिसते: एका उतारावरचे ओघळ डावीकडे, दुसऱ्या उतारावरचे उजवीकडे, आणि काठावरच्या धारेचे, म्हणजे झऱ्याचे, गोमुख भरभरून वाहणारे.

मामा : पण सरोवर गुलाबी झालं होतं ते तर उन्हाळ्यात. अख्खं जग पाहायला आलं. तेव्हा पाऊस नव्हता.

मामांनी स्वतःच माझ्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा दिला. जून २०२० मध्ये, पावसाच्या तोंडावर, सरोवराचा रंग गुलाबी झाला. पाणी आटून क्षार वाढले होते आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य त्यात पसरले होते; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितले. मग पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि रंग उतरला. गुलाबी रंग ज्याने पाहिला त्याने वर्षाच्या चक्राचे एक टोक पाहिले. दुसरे टोक पावसात आहे, आणि दुसरे टोक पाहिल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी चढून पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत पोचल्याच्या बातम्या आल्या, आणि क्षार कमी झाले तर त्यावर जगणाऱ्या जीवांचे काय होणार ही काळजी खरी आहे. म्हणजे लोणारचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न पाणी किती येते आणि किती जाते हाच आहे. तो प्रश्न जानेवारीच्या उन्हात, निळ्या आकाशाखाली, कुणाच्या मनात येणार नाही.

सिंदखेडराजाचेही तेच, आणि तिथे तर माणसाच्या हातचे काम आहे म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी इथल्या लखुजी जाधवांच्या वाड्यात झाला, त्यामुळे लोक जानेवारीत येतात, आणि यावेच. राजवाडा पाहतात, लखुजींची भव्य समाधी पाहतात, पुढे जातात. पण जाधवरावांचे हे गाव पाण्याचा किती बारकाईने विचार करून वसवले होते हे पाहायचे तर मोती तलाव, चांदणी तलाव, सजना बारव, पुतळा बारव या क्रमाने फिरावे लागते. पुतळा बारवेच्या शिल्पांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे; शिल्पांपेक्षा पायऱ्यांकडे पाहा असे माझे सांगणे. बारव ही पाण्याची पातळी वर-खाली होणार हे गृहीत धरून बांधलेली वास्तू आहे. उन्हाळ्यात माणसाला तळापर्यंत उतरता यावे, पावसाळ्यात पाण्याला पायऱ्या चढता याव्यात, यासाठी ती रचना. कोरड्या बारवेत पायरी ही शोभेची वस्तू वाटते. भरलेल्या बारवेत पाचवी पायरी पाण्याखाली गेलेली दिसली की बांधणाऱ्याचे डोके कळते. मोती तलावाचा बांध, त्याची दगडी दर्शनी बाजू, पाणी सोडण्याची सोय, हे सगळे चारशे वर्षांपूर्वीच्या सरदाराने आपल्या रयतेसाठी आणि आपल्या सत्तेसाठी केलेले सिंचनाचे काम आहे. लखुजी १६२९ मध्ये देवगिरीवर दग्याने मारले गेले. त्यांचा अंत आपण शाळेत शिकतो, त्यांचा तलाव शिकत नाही.

मामा : तुझं शास्त्र मान्य. पण आपले वाडवडील खुळे होते का? पावसाळ्यात त्यांनी पाय घरात ठेवला. साधू चातुर्मासात एका जागी बसत. फौजा दसऱ्यानंतर सीमोल्लंघन करत. आपल्या गावाचंच पाहा. निजामाची आणि मुबारिजखानाची लढाई इथं झाली ती ऑक्टोबरात. पाऊस उघडल्यावर. या मुलखात पावसात फिरू नये हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

हा आक्षेप मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात इतिहास आहे. ११ ऑक्टोबर १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखान पडला आणि निजामुल्मुल्काची दख्खनवर स्वतंत्र सत्ता उभी राहिली. बाजीराव पेशव्यांची मदत निजामाला होती. विजयानंतर निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, लोकांनी आपले जुनेच चालू ठेवले. फौजा पाऊस उघडल्यावर निघत हे सरळ आहे. तोफा, घोडे, वैरण, हे काळ्या मातीतून पावसात ओढता येत नाही. पण फौजेची गरज आणि पाहणाऱ्याची गरज एक नाही. आणि वाडवडिलांनी पावसात पाय घरात ठेवला हे तर अर्धेच खरे आहे. या मुलखातला सर्वांत मोठा प्रवास पावसातच होतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते, आणि परतताना जालना मागे टाकून सिंदखेडराजा, बिबी, लोणार, मेहकर अशी येते. भाचीला जी फेरी गाडीतून करायची आहे तीच वाट वारकरी उलट्या दिशेने, भिजत, पायी चालतात. टाळमृदंग प्लास्टिकच्या कागदाखाली, धोतरे चिखलाने भरलेली, गावोगावी चहा-फराळाची व्यवस्था. साधूंनी चातुर्मास पाळला, पण सामान्य शेतकऱ्याने पेरणी उरकली की वारीची वाट धरली. पावसात बाहेर पडून आपला मुलूख पायाखाली घालणे ही आपलीच रीत आहे. ती स्कॉटलंडहून आणायची गरज नाही.

स्कॉटलंडचा दाखला द्यायचाच तर स्कायला जाणाऱ्या पुलाच्या आणि डांबरी रस्त्यांच्या आधीचा द्यावा. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल १७७३ मध्ये स्कायसह हेब्रिडीज बेटांवर फिरले, घोड्यावरून आणि होडीने, शरदातल्या वादळी हवेत. कोल बेटावर तर हवेमुळे ते बरेच दिवस अडकून पडले. दोघांनीही त्या प्रवासावर पुस्तके लिहिली आणि ती आजही वाचली जातात. त्यांत देखाव्यांपेक्षा माणसे जास्त आहेत: कुणी घरात घेतले, काय खायला दिले, जमीनदार आणि कूळ एकमेकांशी कसे वागतात. पाऊस माणसाला दुसऱ्याच्या ओसरीवर नेतो. उन्हात प्रवासी थांबत नाही.

मामांचा तिसरा मुद्दा धोक्याचा, आणि तिथे ते बरोबर आहेत.

मामा : बाई, फरशी पुलावरून पाणी चाललं असलं की ते घोट्याएवढं दिसतं आणि मोटारसायकलसकट माणूस नेतं. दर पावसाळ्यात नेतं. वीज कोसळते, जनावरं मरतात. समृद्धी महामार्गावर तर आपल्याच तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, बस पेटून पंचवीस माणसं गेली. आणि तू सहल म्हणतेस.

१ जुलै २०२३ च्या त्या रात्रीचे दुःख या तालुक्याने जवळून पाहिले आहे. तिचा उल्लेख वादात जिंकण्यासाठी करू नये, पण तिच्यातून एक गोष्ट घेता येते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. तो पोचण्यासाठी बांधलेला रस्ता आहे. ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्याला घाटावरचा मुलूख दिसत नाही, आणि दिसावा ही अपेक्षाही नाही. मी ज्या फेरीबद्दल बोलतो आहे ती जुन्या रस्त्याची, चाळीसच्या वेगाची, दर गावात थांबत जाणारी. स्कायवरच्या पुष्कळ रस्त्यांवर एका वेळी एकच गाडी मावते. ठरावीक अंतरावर बाजूला होण्याची जागा ठेवलेली असते आणि समोरच्याला वाट देणे हा तिथला पाळायचाच नियम आहे. वेग तिथे रस्ताच ठरवतो. घाटावरही पावसात वेग रस्त्यालाच ठरवू द्यावा. आणि फरशी पुलावर पाणी असेल तर परत फिरावे. किती पाणी आहे याचा अंदाज बांधू नये, पुढची एसटी गेली म्हणून आपणही जावे असे करू नये. दिवस बुडाला तरी चालेल. या मुद्द्यावर मी मामांशी वाद घालणार नाही. लोणारच्या उतारावरची पायवाटही झडीत निसरडी होते. त्या दिवशी तळाशी उतरू नये, काठावरूनच पाहावे. लोणार अभयारण्य आहे, आणि पाऊस हा तिथल्या पाखरांच्या विणीचाही काळ. न उतरण्याने तुमचेही हित आणि त्यांचेही.

यावर कुणी म्हणेल, इतक्या अटी घालायच्या तर मग जायचेच कशाला? अटींमुळे गोष्ट वाईट ठरत नाही. दिवाळीनंतरच्या प्रवासालाही अटी असतात, त्या सवयीच्या झाल्यामुळे आपण त्यांना अटी म्हणत नाही.

चौथा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

मामा : पावसाळा म्हणजे आमचा जीव टांगणीला लागलेला काळ. सोयाबीन पेरलं आणि पाऊस ताणला तर दुबार पेरणी. झड लांबली तर मूळ कुजतं, डवरणी होत नाही, निंदण थांबतं, तण पिकाच्या वर जातं. बायका भर पावसात वावरात वाकलेल्या. आणि रस्त्यावरून गाडी हळू होते, काच खाली येते, फोटो निघतो. आमच्या हालाला तुम्ही देखावा म्हणणार?

भाची : मामा, हा प्रश्न स्कायलाही विचारला गेलाय. आज ते बेट मोकळं, शांत, निर्मनुष्य दिसतं आणि लोक त्याच मोकळेपणासाठी जातात. पण तो मोकळेपणा आपोआप झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना जमिनीवरून हुसकलं. घरं पडली, माणसं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. स्कायवरच्या ब्रेझच्या कुळांनी १८८२ मध्ये पोलिसांना तोंड दिलं, आणि १८८६ च्या कायद्यानं कुळांना जमिनीवर राहण्याची हमी मिळाली. ज्याला हे माहीत नाही त्याला तिथं नुसता हिरवा डोंगर दिसतो. माहीत असलं की पडक्या भिंतींचे चौकोन दिसायला लागतात.

भाचीच्या या उत्तरात मला आपल्याकडच्या एका चुकीच्या समजाचे मूळ दिसते. निसर्गरम्य म्हणजे माणसे नसलेला, अशी कल्पना आपण बाहेरून घेतली आणि मग घाटावरच्या मुलखाला त्या यादीतून वगळले, कारण इथे जिकडे पाहाल तिकडे माणूस राबताना दिसतो. मग कोकणचा घाट रम्य, महाबळेश्वर रम्य, आणि मेहकर-सुलतानपूर रस्ता नुसता रस्ता. मामांचा राग रास्त आहे. वाकलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढणे हे वाईटच. पण त्यावर उपाय म्हणून शहरातल्या माणसाला पावसात इकडे फिरकूच देऊ नये, हे मला पटत नाही. जो फक्त जानेवारीत येतो त्याला पिकाचा भाव आणि आंदोलनाची बातमी वर्तमानपत्रातून कळते. जो जुलैत येतो त्याला पाण्याखाली गेलेले सरीचे वाफे दिसतात आणि त्यांची किंमत कळायला सुरुवात होते. ही ओळख कर्ज फेडत नाही, हे मी जाणतो. एका गाडीने, एका चहाने, एका पोतडीभर मक्याच्या कणसांनी घाटावरच्या शेतीचा प्रश्न सुटत नाही, आणि पर्यटन म्हणजे शेतीला पर्याय असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तरीही ज्या मुलखाबद्दल राज्याच्या राजधानीत निर्णय होतात तो मुलूख त्याच्या कठीण दिवसांत कुणी पाहिलेला असणे आणि नसणे यात फरक पडतो.

गर्दीचे भय मामांना आहेच. स्कायवर २०१७ च्या उन्हाळ्यात इतके लोक आले की अरुंद रस्ते तुंबले आणि पाहुण्यांना आवरा अशी ओरड स्थानिकांनीच केली. पुढच्या काही वर्षांत लोणारचे असे होऊ नये असे वाटत असेल तर गर्दी एका दिवसावर, एका ठिकाणावर, एका ऋतूवर न येता पसरली पाहिजे. वर्षातले दोन महिने सगळे आणि दहा महिने कुणी नाही, ही स्थिती गावालाही नको आणि सरोवरालाही नको.

मेहकरबद्दल थोडक्यात, कारण तिथे थांबायचे कारण सरळ आहे. पैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. १८८८ मध्ये उत्खननात सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती कुठल्याही ऋतूत पाहावी अशी आहे आणि देवळात पावसाचा अडथळा नाही. पण मेहकर हे ना. घ. देशपांडे यांचेही गाव. त्यांचा जन्म १९०९ चा, सिंदखेडराजा तालुक्यातल्याच शेंदुरजनचा. मेहकरला त्यांनी वकिली केली आणि तिथेच राहून कविता लिहिली. 'शीळ' १९५४ मध्ये आला, 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रानाचा, ओढ्याचा, ओल्या वाऱ्याचा असा बारकावा त्यांच्या कवितेत कुठून आला याचे कोडे साखरखेर्डा ते मेहकर रस्त्यावर, पावसात, फारसे उरत नाही. पुण्यामुंबईपासून इतक्या दूर राहिलेल्या कवीला हा मुलूख अपुरा वाटला नाही, ही गोष्ट घाटावर पाहण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

साखरखेर्डा स्वतः या फेरीतून सुटते, कारण लोक इथून निघतात, इथे येत नाहीत. प्रल्हाद महाराज रामदासींचे स्थान आणि पलसिद्ध स्वामींचा मठ यांच्यासाठी भाविक येतात. १७२४ च्या लढाईसाठी कुणी येत नाही. जिथे हैदराबाद राज्याची पायाभरणी झाली त्या रणभूमीची माहिती देणारी एक नीट पाटी, सिंदखेडराजाच्या बारवांवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा, लोणारच्या काठावर पावसात उभे राहता येईल असे छप्पर, वाटेतल्या थांब्यांवर स्वच्छ स्वच्छतागृहे. यांतले काहीच महाग नाही.

मामांना मी पूर्ण जिंकले असे म्हणणार नाही. दुबार पेरणीच्या वर्षी या फेरीचा विषय त्यांच्यापुढे काढू नये, हे मला मान्य आहे. पण एरवीच्या वर्षी, पेरणी उरकून पीक हातभर वर आल्यावर, मामांनीच भाचीबरोबर गाडीत बसावे, कारण कुठल्या ओढ्याला केव्हा पाणी येते आणि कुठला धुरा कुणाचा हे सांगायला त्यांच्याइतका जाणकार दुसरा नाही. आणि या तालुक्यातल्या प्रत्येक फरशी पुलावर, पाणी किती चढले हे दूरून दिसेल असा रंगवलेला खांब बांधकाम विभागाने पावसाआधी उभा करावा. पाहुण्यांसाठी नव्हे, रोज त्या पुलावरून शाळेला जाणाऱ्या मुलांसाठी आधी.